ट्रेवरची पट्टी

झुंबर सिस्टरबद्दल कुणी चांगलं बोललं की मला आधी राग येतो, मग पटतं. वाईट बोललं तर नुसताच राग येतो. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी संजना, गावची आशा सेविका. गरोदर बायांची नोंद करायची, त्यांना दवाखान्यात न्यायचं, घरोघर गोळ्या वाटायच्या आणि कुणाचं काही बिघडलं की शिव्या खायच्या, हे माझं काम. बारा वर्षं करतेय. तोंडाची फटकळ आहे हे सगळ्या पाड्यांना ठाऊक आहे, तेव्हा गोड ऐकायचं असेल तर दुसरं घर बघा.

आमचं आरोग्य केंद्र नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरात. नाशिकच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर आधी तालुका, मग घाट, आणि गाडी वेळेवर मिळाली तर अडीच-तीन तास. झुंबर सिस्टर मूळची नांदगावकडची. तिकडं कांदा-बाजरी, इकडं भात-नागली. नोकरी इथं लागली म्हणून आली ती इथलीच झाली. नवरा गेला, मुलगा नाशिकला कंपनीत लागला, आई चल म्हणाला, पण बाईनं क्वार्टर सोडलं नाही. बाळंतपणं किती केली ते तिलाही सांगता यायचं नाही. तिचा हात हलका आहे असं बाया म्हणतात, आणि तो आहेच. कुणी कोंबडं आणून दिलं तर घेत नाही, नागलीची भाकरी मात्र हक्कानं मागून खाते. बाळ बाहेर आलं की पहिलं तीच त्याच्याशी बोलते, "आलास का बाबा, ये." मुलगी असली तरी बाबाच.

हे सगळं खरं. पण तिला एक खोड होती, तिच्या तोंडात "हो सर" बसलेलं होतं. रजिस्टर नव्यानं लिहा, हो सर. सुट्टी रद्द, हो सर. मुलाच्या वयाचे डॉक्टर यायचे, वर्ष-दोन वर्षं काढून जायचे, आणि ही त्यांच्यापुढं मान खाली घालून उभी. मी म्हणायचे, "सिस्टर, एकदा नाही म्हणून बघा, जीभ झडत नाही." ती म्हणायची, "अगं, वरच्याशी भांडून कुणाचं भलं झालंय? आपलं काम आपण नीट करावं." नीट करायचीसुद्धा. म्हणून तर राग जास्त येतो.

आता तपासणी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. वर्षातून एकदा-दोनदा वरून पथक येतं आणि केंद्राला गुण देतं. ते येणार म्हटलं की आमच्याकडं लग्नघर होतं. भिंतीला रंग, दारात रांगोळी, शाळेतून मागून आणलेल्या कुंड्या. पथक गेलं की कुंड्या परत शाळेत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. बाळंतपणाच्या खोलीत औषधांचे ट्रे मांडलेले असतात, त्यातला एक तातडीचा. बाईला रक्त जायला लागलं, झटके आले, काही झालं तर धावत जाऊन हात घालायचा तो ट्रे. तपासणीच्या आधी आमचे डॉक्टर तो यादीप्रमाणे पुरा भरायचे, वर पारदर्शक कागद ताणून लावायचे आणि त्यावर पांढरी पट्टी चिकटवून तारखेसकट सही करायचे. पथकानं बघेपर्यंत हात लावायचा नाही. तातडीच्या ट्रेला कुलूप घालायची अक्कल कुणाची, ते मला आजवर कळलेलं नाही. आधीच्या डॉक्टरांनी सुरू केलं, पुढच्यांनी चालू ठेवलं.

त्या ट्रेमध्ये डेक्साच्या दोन बाटल्या असतात. डेक्सा म्हणजे स्टिरॉइडचं इंजेक्शन. बाईला सातव्या महिन्यातच कळा लागल्या, बाळ लवकर येणार असं दिसलं, की ते आईला द्यायचं. आईकडून ते बाळाला पोचतं आणि त्याची कच्ची फुप्फुसं लवकर तयार होतात. बारा-बारा तासांनी अशा चार सुया. पण पहिली सुई बाई पहिल्यांदा जिथं येते तिथंच द्यायची, पुढं पाठवायच्या आधी, कारण वाटेत वेळ जातो आणि बाळ काही घाट संपायची वाट बघत नाही. एका सुईनंसुद्धा फरक पडतो. प्रशिक्षणात हे आम्हाला तीनदा सांगितलंय, तिन्ही वेळा मी चहा-बिस्कीट खात ऐकलंय. आणि गंमत बघा, हेच औषध आमच्या बाजारात एक बिनडिग्रीचा डॉक्टर द्राक्षबागेतून कंबर धरून आलेल्या मजुरांना दिवसाला वीस-वीस जणांना टोचतो, ताकद येईल म्हणून. नको तिथं रेलचेल आणि हवं तिथं पट्टी.

तृप्ती माझी धाकटी जाऊ, माझा दीर लखन याची बायको. अडीच वर्षांपूर्वी ती वीस वर्षांची होती, पहिलटकरीण. दोघं दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला गेली होती आणि मार्चमध्ये परत आली. आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता ती थांबली आणि मला म्हणाली, "ताई, पोट दगडावानी होतंय, मग सुटतंय, मग परत होतंय." कार्ड काढून बघितलं तर एकतीस आठवडे. मी तिला रिक्षात घालून केंद्रावर नेलं. दोन वाजले होते.

सिस्टर एकटी होती, डॉक्टर तालुक्याला मीटिंगला. तिनं ताप बघितला, बीपी बघितलं, पोटावर हात ठेवून घड्याळाकडं बघत कळा मोजल्या. मग ट्रेकडं बघितलं. कपाटात डेक्सा शिल्लक नव्हतं, मागणी लिहून महिना झाला होता आणि उरलेल्या दोन बाटल्या ट्रे पुरा दिसावा म्हणून आत मांडलेल्या. तपासणी दुसऱ्या दिवशी. तिनं डॉक्टरांना फोन लावला. रेंज धड नव्हती म्हणून आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळं मी शब्द न् शब्द ऐकला.

"सर, एकतीस आठवडे, कळा चालू आहेत. डेक्सा द्यायला पाहिजे. ट्रेची पट्टी काढू का?"

"सिस्टर, उद्या पथक येतंय. आता बाटली फोडली तर दुसरी आणायची कुठून? गाडी बोलावलीय ना? मग रेफर करा. पुढं देतील."

"हो सर," सिस्टर म्हणाली.

आणि माझं काय? मी होते ना तिथं. तीनदा ऐकलेलं होतं. हे फटकळ तोंड दुनियेला सुनावतं, ते त्या दिवशी मिटलेलं राहिलं. मला वाटलं, सिस्टर आहे, डॉक्टर आहेत, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. हा राग मी कुणावर काढू?

गाडी तीनला आली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तर तिथल्या नर्सनं चिठ्ठी वाचली, तृप्तीला तपासलं, आणि नाशिकला पाठवायचं ठरलं. पहिली सुई केंद्रावरच दिली असेल असं ती धरून चालली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घाटात तृप्ती माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली. नाशिकला पोचलो तेव्हा सात वाजले होते. तिथल्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी उलटसुलट केली आणि विचारलं, "डेक्साचा पहिला डोस किती वाजता दिला?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दोन ठिकाणी थांबून आलात तुम्ही." ताबडतोब सुई दिली, पण अर्ध्या तासात बाळ झालं. मुलगी. सव्वा किलोची.

ती दोन दिवस होती. नाकाला नळी, आणि श्वास घेताना छातीच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. एवढीशी पोर, पण एकेका श्वासासाठी तिला राबावं लागत होतं. गावाकडून फोनवर सगळे धीर देत होते, सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, घाबरू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी डॉक्टर मॅडमना विचारलं, दुपारी दोनलाच सुई मिळाली असती तर? त्या म्हणाल्या, "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. पण संधी मिळाली असती." खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

इकडं तपासणी झाली. आमच्या केंद्राला ट्रेसाठी पैकीच्या पैकी गुण. ट्रेचा फोटो काढला, प्रमाणपत्र आलं, ते काच लावून ओपीडीच्या भिंतीवर टांगलं. आणि बाळाच्या मृत्यूचा एक फॉर्म भरला गेला. तो भरायला मीही बसले होते. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं माहितीय? 'कमी दिवसांचं बाळ.' जशी काही घाई त्या पोरीनंच केली होती. खाली सह्या झाल्या, फॉर्म वर गेला आणि विषय संपला.

बाराव्या दिवशी सिस्टर आमच्या घरी आली. ओट्यावर बसली. सासूबाईंनी पाणी पुढं केलं तर तिनं तांब्या तसाच धरून ठेवला. मग तृप्तीकडं बघून म्हणाली, "मी पट्टी काढायला पायजे होती."

तृप्तीला काही कळलं नाही, तिला पट्टीचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिथंच, सगळ्यांच्या समोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि सिस्टरला म्हणाले, "वरातीमागून घोडं आणलंत, आता ते बांधा तुमच्या क्वार्टरच्या दारात." माझंही तोंड त्या दुपारी मिटलेलं होतं, हे ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. तांब्या खाली ठेवला आणि उठून गेली. पुढची दोन वर्षं मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. ती मात्र भेटली की विचारायची, "तृप्ती जेवती का गं?" मी म्हणायचे, जेवते.

तृप्तीला पुन्हा दिवस गेले. एकदा बाळ लवकर झालं की पुढच्या खेपेलाही ती भीती असते, आणि आमच्या घरात तर ती भीती चुलीपाशी येऊन बसली होती. सिस्टर दर आठवड्याला यायची. दिंडोरीला जायचं नाही, पाण्याचा हंडा उचलायचा नाही, पोट कडक झालं तर स्वयंपाक टाकून निघायचं, असं बजावून जायची. तृप्ती तिचं ऐकायची. मला ते आवडायचं नाही, पण मी गप्प राहायचे.

तिसावा आठवडा लागला आणि एका मंगळवारी सकाळी तृप्ती मला म्हणाली, "ताई, तसंच होतंय." चेहरा पांढरा पडला होता तिचा. मी ह्या वेळी रिक्षाचीही वाट बघितली नाही. लखनच्या मोटरसायकलवर तिला मध्ये घेऊन बसले आणि सावकाश गेलो. केंद्राच्या दारात रांगोळी दिसली, पायरीवर कुंड्या दिसल्या. त्याच दिवशी पथक आलेलं होतं. सगळं तसंच. नशिबालाही आमच्या घराचाच पत्ता पाठ.

बाळंतपणाच्या खोलीत चार माणसं. आमचे डॉक्टर, तेच ते, हातात यादी घेतलेल्या एक तपासणीच्या बाई, त्यांच्याबरोबरचे एक साहेब, आणि कोपऱ्यात इस्त्रीच्या साडीतली झुंबर सिस्टर. टेबलावर ट्रे, ट्रेवर पांढरी पट्टी, पट्टीवर सही. सिस्टरनं तृप्तीला बघितलं आणि कुणाला न विचारता खाटेवर घेतलं. ताप नाही. बीपी ठीक. कार्ड बघितलं. पोटावर हात ठेवला, घड्याळ बघितलं. मग हात धुऊन टेबलापाशी गेली.

डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, दोन मिनिटं थांबा. मॅडमचा हा ट्रे बघून होऊ दे."

मी त्यांना काय बोलणार होते ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि ते बोलायला मी तोंड उघडलंच होतं. ह्या वेळी मी गप्प बसणार नव्हते. पण त्याआधी टर्रकन आवाज झाला. सिस्टरनं पट्टी ओढून काढली होती, कागदासकट.

"सर, तुम्ही मोजा," ती बाटली उचलत म्हणाली. "एक कमी भरंल."

तिनं सुई भरली, दिली, जागा चोळली. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मग तिनं टेबलावरचं बॉलपेन घेतलं, तृप्तीचा डावा हात धरला आणि गोंदणाच्या वर, मनगटापासून वरपर्यंत लिहिलं: डेक्सा पहिली सकाळी १०.४०, दुसरी रात्री १०.४०. चिठ्ठीतही लिहिलं. मला म्हणाली, "चिठ्ठी वाचतील न वाचतील. हात धरल्याबिगर कुणी तपासत नाय. आता कुणी धरून चालायचं नाय, की मागच्यानं दिली असंल."

पथकातले साहेब म्हणाले, "पेशंटच्या अंगावर असं लिहितात का?" तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी आली तेव्हा तशीच आमच्यासोबत बसली, इस्त्रीच्या साडीत, तपासणी अर्धी टाकून. घाटात तृप्तीचा एक हात माझ्या हातात होता, एक सिस्टरच्या. मी दोन वर्षांनी तिच्याशी कामाशिवायचं पहिलं वाक्य बोलले. म्हटलं, "सिस्टर, साडी खराब व्हईल तुमची." ती म्हणाली, "होऊ दे."

नाशिकला पोचल्या पोचल्या डॉक्टरनं तृप्तीचा हात धरला, वाचला आणि जवळच्या नर्सला म्हणाला, "दुसरा डोस दहा चाळीसला." झालं. एवढंच हवं होतं. एवढंच मागच्या वेळीही हवं होतं. कळा थांबवायच्या गोळ्या दिल्या, चारही सुया वेळेवर झाल्या, आणि पाचव्या दिवशी मुलगी झाली. ही किलो-तीनशेची. हिलाही नळी लागली, पण बरगड्या तशा आत ओढल्या जात नव्हत्या. अठ्ठावीस दिवस काचेच्या खोलीत होती. लखन शर्ट काढून तिला छातीवर घेऊन तासन् तास बसायचा, नर्सनं सांगितलं होतं, ऊब मिळते. आता ती सहा महिन्यांची आहे आणि घर डोक्यावर घेते. सासूबाई म्हणाल्या, सिस्टरचं नाव ठेवू. सिस्टर म्हणाली, "नको ग बाई, शाळेत पोरं छताला टांगतील तिला." मग वैष्णवी ठेवलं.

गोष्ट इथं थांबवली असती तर तुम्ही पेढा मागितला असता. पण थांबा. सिस्टर नाशिकहून परत आली तिसऱ्या दिवशी, आणि चौथ्या दिवशी तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. तपासणी चालू असताना मोहोरबंद ट्रे विनापरवानगी उघडला. वरिष्ठांची सूचना डावलली. ड्यूटीचं ठिकाण सोडलं. केंद्राचे गुण कमी झाले. सात दिवसांत खुलासा द्यावा. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या बाईला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तरी कोण, एक चिकटपट्टी.

नंतर बरेच जण मला म्हणाले, अहो, डॉक्टर दोनच मिनिटं थांबा म्हणत होते, दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? नसतं कोसळलं, मलाही माहितीय. पण मागच्या वेळीसुद्धा त्यांनी एकच दिवस मागितला होता.

डॉक्टर वाईट माणूस नाहीत, हेही सांगते, नाहीतर म्हणाल संजना एकतर्फी बोलते. खुलाशाची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः सिस्टरच्या क्वार्टरवर आले. मी तिथंच होते, वैष्णवीचा फोटो दाखवायला गेले होते. ते म्हणाले, "सिस्टर, पट्टी चुकून तुटली असं लिहा. मी शेरा मारतो, प्रकरण मिटवून टाकू. शेवटचे आठ महिने आहेत, पेन्शनचे कागद अडकायला नकोत." खरंच मनापासून सांगत होते. आणि मला वाटलं, झालं, आता ती म्हणणार. इतक्या वर्षांची सवय आहे.

सिस्टर म्हणाली, "नाही सर."

ते गेल्यावर तिनं कागद घेतला. मी म्हटलं, "मी सांगते तसं लिहा, चांगली तीन पानं लिहू, एकेकाचं नाव घालू." ती म्हणाली, "तू चहा टाक." चहा उकळेपर्यंत तिचं लिहून झालं होतं. बाळबोध अक्षरात, रजिस्टर लिहिते तसं. मी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि जे मला दोन वर्षं वरच्या कुणाला बोलता आलं नव्हतं ते तिथं लिहिलेलं होतं:

'पट्टी चुकून तुटली नाही, मी तोडली. दोन वर्षांपूर्वी याच ट्रेची पट्टी मी तोडली नव्हती. ते बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. त्या वेळी पट्टी का तोडली नाही, याचं कारण मला आजवर कोणीही विचारलेलं नाही. तीही नोटीस काढावी. तिचा खुलासा माझ्याकडं तयार आहे.'

हे पत्र जाऊन साडेपाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही, दुसरी नोटीसही नाही. ट्रेवर नवी पट्टी लागली, नव्या तारखेची, नव्या सहीची. सिस्टर सकाळी ड्यूटीवर आली की आधी ती ओढून काढते, मग पर्स ठेवते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत लावतं. ती परत काढते. अडीच महिन्यांनी ती निवृत्त होईल तेव्हा पट्टी काढायला मी जाणार आहे, आणि मी काही तिच्यासारखी शांतपणे काढणार नाही.